नेहमीचेच पक्षी मोजून काय कळतं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या महिन्यात याच पानावर मी लिहिलं होतं की घराजवळची एखादी जागा धरा, आठवड्यातून एकदा तिथे पंधरा मिनिटं उभं राहा आणि दिसतील ते सगळे पक्षी मोजून लिहून ठेवा. त्यावर पत्रं, मेल, व्हॉट्सअॅप असं खूप काही आलं, काही जणांनी तर वहीच्या पानांचे फोटोच पाठवले. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही म्हणून त्यातले सात प्रश्न घेतलेत.

प्रश्न: ताई, मी रिटायर्ड प्राथमिक शिक्षक. २००८ पासून रोज सकाळी कॅनॉलच्या कडेनं फिरायला जातो आणि घरी आल्यावर दिसलेले पक्षी वहीत लिहितो. सात वह्या झाल्या. पण त्यात कावळा, साळुंकी, वेडा राघू, टिटवी, बगळे, कधीमधी नीलकंठ, एवढंच. दुर्मिळ काही नाही. मुलगा म्हणतो रद्दीत घाला. ठेवू का टाकू? (दौंड तालुका)

उत्तर: गुरुजी, टाकू नका. अगदी हात जोडून सांगते, टाकू नका.

२०२३ साली आपल्या देशातल्या पक्ष्यांचा एक मोठा अहवाल आला, स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स नावाचा. तीस हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांनी ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी ठेवायची वेबसाइट आणि अॅप) टाकलेल्या तीन कोटींच्या आसपास नोंदी घेऊन त्यात ९४२ जातींचा हिशोब मांडलाय. पण त्या ९४२ पैकी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत वाढ झाली की घट हे सांगता आलं फक्त ३३८ जातींबद्दल. बाकीच्यांसाठी पुरेशा नोंदीच नाहीत, विशेषतः जुन्या. ज्या ३३८ चं सांगता आलं त्यातल्या ६० टक्के जाती कमी झाल्यात. आता ज्यांचं सांगता आलं नाही त्यांचं काय झालं असेल याचा विचार करा, आणि मग तुमच्या सात वह्यांकडे बघा.

तुम्ही "कधीमधी नीलकंठ" असं लिहिलंय ना, तिथेच मी थांबले. दसऱ्याला दिसला तर शुभ म्हणतात तो हा पक्षी, पूर्वी एसटीच्या खिडकीतून बघितलं तरी तारांवर चार-दोन सहज दिसायचे. त्याच अहवालात नीलकंठाची घट ३० टक्क्यांच्या वर निघाली आणि जागतिक धोक्याच्या यादीत त्याचं स्थान पुन्हा तपासून बघा अशी शिफारस केलीय. म्हणजे ज्याला कुणी दुर्मिळ म्हणत नाही, ज्याचा फोटो कुणी ग्रुपवर टाकत नाही, तोच हळूहळू कमी होतोय आणि ते कळतं कुणामुळे तर रोज लिहिणाऱ्यांमुळे. तुम्ही एक करून बघा, २००९ सालची वही घ्या आणि मागच्या वर्षीची घ्या, प्रत्येक महिन्यात किती दिवस फिरायला गेलात आणि त्यातल्या किती दिवशी नीलकंठ लिहिलाय ते मोजा. आकडे लिहिलेले नसले, नुसतं नाव असलं तरी चालेल. शंभर दिवसांत चाळीस दिवस दिसायचा तो आता दहा दिवस दिसतोय, हे कळणं म्हणजेच मोजणी. तुम्ही जात तोच रस्ता, निघायची वेळ तीच, बघणारे डोळे तेच, अशी अखंड नोंद विद्यापीठातल्या लोकांनासुद्धा मिळत नाही हो.

पहिलं काम म्हणजे प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, वाळवी आणि पावसाळी ओल कुणाला विचारून येत नाही. मग नातवंडांपैकी कुणाला तरी बसवून त्या नोंदी ईबर्डवर चढवा, जुन्या तारखांच्या नोंदीही तिथे घेतात. किती वेळ फिरलात, किती अंतर, हे आठवत नसेल तर अंदाजानं भरू नका, जुन्या नोंदींसाठी हिस्टॉरिकल म्हणून वेगळा पर्याय आहे तो निवडा. आणि त्या दिवशी दिसलेले ओळखता आले ते सगळे पक्षी लिहिलेत का निवडक लिहिलेत, हे मात्र खरं खरं सांगा. सगळे लिहिले असतील तर वहीत एखादं नाव नसण्यालाही अर्थ येतो. निवडक असतील तर तो अर्थ काढता येत नाही.

प्रश्न: आमचे आजोबा सांगायचे की गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की दुपारपर्यंत गिधाडं साफ करायची. मी चाळीशीचा आहे, मला लहानपणीची अंधुक आठवण आहे, माझ्या मुलांनी तर पाहिलंच नाही. इतका मोठा पक्षी गायब होतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही, हे कसं? (माणगाव, रायगड)

उत्तर: लक्षात आलं, पण उशिरा आलं, आणि आलं तेही कुणीतरी आधी मोजून ठेवलं होतं म्हणून. गिधाडं तेव्हा इतकी होती की त्यांना मोजावं असं फार कुणाला वाटत नव्हतं. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात बीएनएचएसचे (म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे) विभू प्रकाश ऐंशीच्या दशकात शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करत होते, त्यात त्यांनी गिधाडांची घरटी मोजली होती. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच ठिकाणी पुन्हा मोजणी केली तर घरटी ओस, काही ठिकाणी झाडावर मान टाकून बसलेली आजारी गिधाडं, खाली मेलेली. मग बीएनएचएसनं नव्वदच्या सुरुवातीला देशभर गाडीनं फिरून ज्या रस्त्यांवर शिकारी पक्षी मोजले होते त्याच रस्त्यांवर २००० साली आणि नंतर पुन्हा पुन्हा मोजलं. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घट निघाली ९९.९ टक्के. हजारात एक उरलं, असा त्याचा अर्थ.

कारण २००४ मध्ये सापडलं. डायक्लोफेनॅक, गुराढोरांना सूज आणि वेदनेसाठी देतात ते औषध. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची किडनी निकामी व्हायची. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचणं चालूच राहिलं म्हणून २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची बाटली ३ मिलीपुरतीच ठेवायचा नियम झाला, आणि २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि अॅसेक्लोफेनॅक या आणखी दोन औषधांवर जनावरांसाठी बंदी आली. बघा, जुना आकडा हातात नसता तर "हल्ली गिधाडं दिसत नाहीत बुवा" यापलीकडे कुणी काही बोलू शकलं नसतं, आणि नुसत्या बोलण्यावर सरकार औषध बंद करत नाही.

तुमच्याच जिल्ह्यात म्हसळा तालुक्यात चिरगावच्या लोकांनी घरट्यांची झाडं राखली, हे तुम्हाला माहीत असेलच. तुमच्या भागात कुठे उंच झाडावर घरटं दिसलं तर दरवर्षी त्याच महिन्यांत जाऊन लांबूनच बघा, कोकणात साधारण थंडीत घरटी भरलेली असतात, पिल्लू उडालं का नाही एवढी नोंद ठेवा आणि वन विभागाला कळवा. आणि घरी गुरं असतील तर डॉक्टरांना सांगा मेलॉक्सिकॅम द्या म्हणून, ते गिधाडांना सुरक्षित आहे.

प्रश्न: मुलीच्या शाळेत पक्षीगणना होती, ती सातवीत आहे. तिनं पंधरा मिनिटांत ६२ चिमण्या लिहिल्या. मी शेजारीच उभी होते, मला तर सात-आठच दिसत होत्या, त्याच परत परत येत होत्या. शेवटी बाईंनी तिचाच आकडा पुढे पाठवला. असल्या आकड्यांचा उपयोग तरी काय? (नाशिक)

उत्तर: तुमची मुलगी चुकली नाही, तिला कुणी सांगितलं नव्हतं एवढंच. एकाच जागी उभं राहून मोजताना, पक्षी ये-जा करत असतील तर एका वेळी एकदम जास्तीत जास्त किती दिसले तो आकडा लिहायचा. सात दिसल्या, मग तीन गेल्या, मग चार आल्या, तरी एका वेळी आठच्या वर कधी नव्हत्या तर आठ. मात्र पोपटांचा थवा डावीकडून उजवीकडे गेला आणि पाच मिनिटांनी आणखी एक थवा त्याच दिशेनं गेला तर ते वेगळे धरायला हरकत नाही, कारण परत फिरताना दिसले नाहीत. भोरड्यांचा मोठा थवा आला तर एक एक मोजत बसू नका, आधी दहा मोजा, दहाचा तुकडा डोळ्यांत बसवा आणि असे किती तुकडे आहेत ते बघा, दोन-चार वेळा केलं की हात बसतो.

मोठ्या मोजणीत थोडा कमीजास्त आकडा बिघडवत नाही. हजारो याद्या एकत्र येतात तेव्हा मुख्यतः बघतात की शंभर याद्यांपैकी किती याद्यांत हा पक्षी आहे. त्यामुळे खरा घोटाळा आकड्यानं होत नाही, तो होतो अर्धवट यादीनं. मुलं पोपट लिहितात, खंड्या लिहितात, आणि कावळा काय लिहायचा, पारवा काय लिहायचा म्हणून सोडून देतात. मग वीस वर्षांनी कुणी बघितलं तर वाटणार नाशिकमध्ये त्या वर्षी कावळेच नव्हते! म्हणून तिला सांगा की आधी कावळा, पारवा, साळुंकी लिहून टाक, मग बाकीचे शोध. ओळखला नाही तर जबरदस्तीनं नाव देऊ नको, "वटवट्यासारखा कुणीतरी" लिहिलेलं चालतं. आवाजावरून नाव सांगणारं मर्लिन अॅप वापरा, चांगलं आहे, पण अॅपनं नाव दाखवलं म्हणून लगेच लिहू नका, आपल्या कानानं आणि जमलं तर डोळ्यानं खात्री झाली की लिहा.

चिमण्यांचा विषय निघालाच आहे तर, २० मार्चला चिमणी दिन आला की चिमण्या संपल्या संपल्या असं सगळीकडे फिरतं. देशभराचा हिशोब बघितला तर चिमणी एकंदरीत टिकून आहे, मोठ्या शहरांत मात्र कमी झालीय. म्हणजे तुमच्या मुलीच्या शाळेतल्या आठ चिमण्या दरवर्षी मोजल्या तर नाशिक कुठल्या बाजूला चाललंय ते तिला स्वतःलाच कळेल. फेब्रुवारीत चार दिवसांची ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असते, आपल्याकडे २०१३ पासून होते, कमीत कमी पंधरा मिनिटं मोजायचं. त्यात शाळेनं भाग घ्यावा, आणि बाईंना सांगा की दरवर्षी तेच मैदान, तीच वेळ ठेवा, सकाळची, ऊन चढायच्या आत.

प्रश्न: आमच्या गावाजवळ माळ आहे, नुसतं गवत आणि दगड, पडीकच म्हणा ना. आम्ही तरुण मंडळींनी ठरवलंय पावसाळ्यात तिथे हजारभर झाडं लावायची, म्हणजे पक्षी वाढतील. कुठली झाडं लावू? (माढा, सोलापूर)

उत्तर: मित्रांनो, तुमच्या मनात काय आहे ते मला कळतंय, पण विनंती करते की खड्डे घ्यायच्या आधी एक वर्ष थांबा.

तो माळ पडीक नाही. तिथे आत्ता राहतात कोण ते बघा: चंडोल, डोंबारी, माळटिटवी, धाविक, पखुर्ड्या, लावे, थंडीत येणारे भोवत्या. चंडोल घरटं करतो जमिनीवर, गवताच्या बुडख्याशी. धाविक तर उघड्या जमिनीवर अंडी घालतो, रंग असा मातीचा की पाय पडेपर्यंत कळत नाही. भोवत्या हे शिकारी पक्षी मैलोन्मैल उडून इथे येतात आणि रात्री झाडावर नाही, माळावर गवतात जमिनीवर झोपतात. या सगळ्यांना लांबवर मोकळं दिसायला लागतं. झाड आलं की त्यावर कावळा आणि शिक्रा येऊन बसतो, अंडी-पिल्लं जातात, आणि हे पक्षी ती जागा सोडतात. त्यांच्या जागी येतं कोण तर बुलबुल, साळुंकी, वटवट्या, जे तुमच्या गावात, शेताच्या बांधावर आधीच भरपूर आहेत. स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्समध्ये सगळ्यात वाईट अवस्था याच माळरानाच्या आणि मोकळ्या जागेच्या पक्ष्यांची निघाली, त्यांची एकूण घट निम्म्याच्या वर आहे.

तुम्ही तर नान्नजच्या जिल्ह्यातले. सत्तरच्या दशकात सोलापूरच्या एका शिक्षकानं नान्नजच्या माळावरचे माळढोक लोकांच्या नजरेस आणले, १९७९ साली तिथे अभयारण्य झालं. आज संपूर्ण देशात माळढोक दीडशेच्या आसपास उरलेत, बहुतेक राजस्थानात, आणि नान्नजला एखादा दिसणं म्हणजे बातमी. विजेच्या तारांना धडकून मरणं हे एक कारण आहे, पण माळ नांगरले गेले, माळांवर झाडं लावली गेली, कागदोपत्री त्यांना पडीक म्हटलं गेलं, हेही तितकंच खरं. मी स्वतः पुरंदरच्या बाजूच्या एका माळावर बरीच वर्षं जात होते. एका संस्थेनं अतिशय चांगल्या भावनेनं तिथे ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ लावली, चर खणले. पहिल्या तीन वर्षांत माझ्या यादीतल्या पक्ष्यांच्या जाती वाढल्या, आणि संस्थेनं तेच फलकावर लिहिलं की जैवविविधता वाढली. पण वाढलेल्या सगळ्या जाती बागेतल्या होत्या. धाविक दुसऱ्या वर्षीच गेला. पाचव्या वर्षी चंडोलाचं गाणं बंद झालं, ते ज्या सकाळी पहिल्यांदा जाणवलं ती सकाळ मला अजून त्रास देते. म्हणून सांगते, एकूण जाती किती या आकड्यावर कधी विसंबू नका, कोण आले आणि कोण गेले ते बघा.

मग आता काय करायचं. माळावर आठ-दहा ठिकाणं ठरवा, एकमेकांपासून तीनशे मीटर तरी लांब, दगडाला चुना लावून खूण करा. दर महिन्याला एकदा, सकाळी पहिल्या दोन तासांत, प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं उभं राहून दिसेल, ऐकू येईल ते लिहा. एक वर्ष पुरं झालं की पावसाळ्यातली घरटी, उन्हाळ्यातले राहणारे, थंडीतले पाहुणे, सगळं कळेल. मेंढपाळांना बरोबर घ्या, अंडी कुठे असतात ते त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं. झाडं लावायची हौस आहे ना, ती चांगलीच आहे, ती ओढ्याच्या कडेला, शाळेत, बांधावर, गावठाणात लावा, लिंब, वड, उंबर, बाभूळ. माळावर फक्त आग लागू देऊ नका, गवत बियांवर येईपर्यंत चराई आवरा, आणि माती-मुरूम उचलू देऊ नका. एवढं केलंत तरी खूप झालं.

प्रश्न: आमच्या शहरातून नदी जाते, वास येतो, फेस असतो, पण थंडीत पक्षी मात्र शेकड्यांनी. सोसायटीतले लोक म्हणतात एवढे पक्षी आहेत म्हणजे पाणी काही इतकं वाईट नाही. खरं का? (पुणे)

उत्तर: पक्षी कुठले आहेत ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला अंदाज आहे. लाल लांब पायांचे शेकाटे, वंचक, गायबगळे, घारी, काठावर धोबी, बरोबर? शेकाटा सांडपाण्यातही मजेत राहतो, कारण त्या चिखलात किडे आणि अळ्या भरपूर असतात. शेकाटे वाढणं ही नदीबद्दल चांगली खूण नाही, उलट काळजीची आहे. आता उलट बाजूनं शोधा: काळा-पांढरा बंड्या खंड्या पाण्यावर एका जागी फडफडत थांबून सूर मारताना दिसतो का? त्याला वरून मासा दिसायला लागतो, पाणी काळं असेल तर तो काय करणार. नदीसुरय दिसतो का? तो उन्हाळ्यात नदीतल्या वाळूच्या बेटावर अंडी घालतो, वाळू उपसली किंवा धरणातून अवेळी पाणी सोडलं की खेळ खलास. हे दोन नसतील आणि शेकाटे शेकड्यांनी असतील तर नदीनं तुम्हाला उत्तर दिलंय.

ठाणे खाडीचंही असंच आहे. तिथे हजारो फ्लेमिंगो येतात, २०१५ मध्ये अभयारण्य झालं, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत नाव गेलं, हे सगळं आनंदाचं. पण इतके फ्लेमिंगो येण्यामागे सांडपाण्यामुळे वाढलेलं शेवाळ हे एक कारण असावं असं अभ्यासकांना वाटतं. पक्षी म्हणजे थर्मामीटर, ताप आहे एवढं सांगतो, कशाचा ताप ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. म्हणून पक्षी मोजाच, पण बरोबर पाण्यातल्या ऑक्सिजनची तपासणीही मागा, प्रदूषण मंडळाचे आकडे बघा आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून सोसायटीच्या मीटिंगमध्ये मांडा. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७ पासून चालू आहे, त्यात तुमचा नदीचा पट्टा कुणी मोजतंय का बघा, नसेल तर तुम्हीच घ्या.

प्रश्न: तुम्ही सारखं लिहिता पक्षी कमी झाले. आमच्याकडे मोर एवढे झालेत की पेरलेलं बी उकरून खातात. मोर वाढले म्हणजे जंगल सुधारलं ना? (हिंगोली)

उत्तर: दादा, तुमचं नुकसान खरं आहे आणि तुमचं निरीक्षणही बरोबर आहे. स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्सच्या त्याच अहवालात मोर दीडशे टक्क्यांच्या वर वाढलेत असं निघालंय, कोकीळही वाढलाय. पण मोर काहीही खातो, धान्य, किडे, साप, भाजी, आणि ओलिताची शेती त्याला मानवते. असे सर्वभक्षी, कुठेही जमवून घेणारे पक्षी वाढतायत आणि एकाच प्रकारच्या जागेवर किंवा खाण्यावर अवलंबून असणारे कमी होतायत, हेच तर सगळीकडे दिसतंय. केरळचं उदाहरण सांगते. १९३३ मध्ये सालिम अलींनी त्रावणकोर-कोचीन भागात पक्ष्यांची पाहणी केली तेव्हा त्यांना मोर सापडला नव्हता. पंचाहत्तर वर्षांनी त्याच ठिकाणी पुन्हा पाहणी झाली, आणि आज केरळात मोर ठिकठिकाणी दिसतो. ओल्या प्रदेशात मोर शिरला म्हणजे तिथली जागा मोकळी, कोरडी होत चाललीय का, अशी शंका तिथले लोक घेतात. म्हणून मोर वाढले एवढ्यावरून जंगल सुधारलं असं म्हणता येत नाही. तुमच्या शिवारात मोरांबरोबर तित्तर, लावे, सातभाई, सुतार किती आहेत तेही लिहा, मग बोलू.

प्रश्न: मी अमरावतीचा, हौशी फोटोग्राफर. मेळघाटच्या बाजूला मला रानपिंगळा मिळाला, फोटो पण छान आलेत. ग्रुपवर सगळे लोकेशन मागतायत. टाकू का? (अमरावती)

उत्तर: अभिनंदन, आणि नको, लोकेशन टाकू नकोस.

हा पक्षी, एक छोटं घुबड, शंभराहून जास्त वर्षं संपला असं समजत होते. १९९७ मध्ये अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पॅमेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला, मग मेळघाटात, आणि पुढे २०१४ मध्ये मुंबईजवळ तानसा अभयारण्यातही दिसला. लोक शोधत राहिले, नोंदवत राहिले म्हणून कळलं की तो आपल्या समजापेक्षा जास्त ठिकाणी आहे, २०१८ मध्ये धोक्याच्या यादीत तो अतिसंकटग्रस्तवरून एक पायरी कमी धोक्याच्या गटात आला. म्हणजे तुझी नोंद महत्त्वाची आहेच, पण ती जायला हवी योग्य जागी. ईबर्डवर टाक, काही नाजूक जातींची नेमकी जागा ते लोकांना दाखवत नाहीत, रानपिंगळा त्यात आहे का ते मात्र आधी बघ. वन विभागाच्या रेंज ऑफिसात तारीख, वेळ, जोडी होती का एकटा, झाड कुठलं, ढोली होती का, हे लिहून दे. फोटो ग्रुपवर टाकायचाच असेल तर जिल्हा लिहून थांब, आणि मोबाईलच्या फोटोत लोकेशन आपोआप जातं ते आधी बंद कर.

आणखी एक, मोबाईलवर आवाज वाजवून त्याला बोलावलं असशील तर यापुढे करू नकोस. रानपिंगळा दिवसा फिरतो, आवाज आला की आपल्या हद्दीत दुसरा नर आला समजून तो घरटं सोडून धावत येतो, तुला फोटो मिळतो आणि तिकडे ढोली उघडी पडते. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात तिथेच जा, कॅमेरा नंतर काढ, आधी अर्धा तास नुसता बसून ऐक आणि काय काय ऐकू आलं ते सगळं लिहून मला पाठव.